पाच लॉन्ड्र्या, पाच शर्ट आणि एक राजीनामा

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का? मी खुशाल आहे, आणि का आहे तेच लिहायचंय.

तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत लॉन्ड्री काढायची तर धंद्यात दम किती, स्पर्धक किती, हे आधी लेखी कळव, मगच किल्ली, असं तू बजावलं होतंस. (बाकीचे नातेवाईक नुसता आशीर्वाद देऊन मोकळे होतात.) मी वही घेऊन निघालो. रस्त्यावर लॉन्ड्र्या पाच, पाचही भरलेल्या. इस्त्री काय, कोणीही फिरवील, म्हणजे धंद्यात शिरणं सोपं. (इतरांनाही तितकंच सोपं, हे लिहायचं राहिलं.) धोका एकच, तुझ्यासारख्या चादरीही घरीच धुणाऱ्यांचा, त्याला अख्खं पान दिलं. मग कोण कसं धुतं ते पाहायला प्रत्येक दुकानात एकेक शर्ट टाकायला लागलो. जो तो मालक मला बाजूला घेऊन सांगे, बाकीचे कपड्यांची वाट लावतात. चौथ्या दुकानापर्यंत मला एवढं स्फुरण चढलं की कचेरीतल्या नोकरीचा राजीनामाच लिहून खिशात ठेवला. (घरी चार तोंडं त्याच पगारावर, हेही वहीत नाही.) शुक्रवारी साहेबांपुढे उभा राहून खिसे चाचपले, तर कागद गायब. सहज आलो होतो म्हणालो आणि परतलो.

शनिवारी शर्ट आले. पाचांची घडी तीच, कॉलरमागे लाल दोराही तोच. गठ्ठे नेणाऱ्या गाडीमागे चालत गेलो, तर मागच्या गल्लीत एक धुलाईवाल्या बाई आणि त्यांची दोन मोठी यंत्रं. पाचही दुकानांचे कपडे तिथेच धुतले जातात. बाई म्हणाल्या, "एका मापाचे पाच शर्ट पाच दुकानांतून आले, तेव्हाच ओळखलं, कोणीतरी सहावं काढतोय. काढा की. दर मी ठरवते, गिऱ्हाइकांच्या शिव्या दुकानदार खातात." मग पाचव्या शर्टाच्या खिशातला लगदा माझ्या हातावर ठेवून विचारलं, महत्त्वाचं होतं का काही. अक्षर एक उरलं नव्हतं. नाही म्हणालो आणि तिथल्याच बाकावर बसलो. आत्या, इतकं सुटल्यासारखं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. सोमवारी वेळेआधी कचेरीत हजर होतो.

तुझा भाचा

ता. क. बाईंना स्वतःचं दुकान काढायचंय. खोली त्यांना दे. पत्र खरं तर त्यासाठीच.

दुसरा ता. क. तुझ्या गल्लीची पाहणी त्यांनी केव्हाच केली आहे. कोपऱ्यात जळलेली निळी चादर दर बुधवारी तिसऱ्या दुकानातून येते म्हणे, चिठ्ठीवर तुझा पत्ता. ते अख्खं पान मी फाडलं. घरी कोणाला बोललो नाही. किल्ली न्यायला बाईंनी कधी यावं?