बोटीवर तुझा फेटिया

याडी,

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे या पत्रातली पहिली चूक म्हणजे ते लिहिणं हीच. आश्रमशाळेतून मी तुला पत्रं पाठवायचो तेव्हा ती तांड्यावर पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि त्याच्या तोंडून जाणार म्हणून मी फार जपून लिहायचो. मी कुशल आहे, अभ्यास चालू आहे, वरण पातळ असतं. वाचून झालं की तू म्हणे त्याला विचारायचीस, "आनखी?" तो माणूस दयाळू होता. कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरून मनानेच दोन ओळी जोडायचा, की याडी, तुझी फार आठवण येते, तुझ्या हातच्या बाटीची चव कशालाच नाही. हे त्यानंच मला पुढे बाजारात भेटल्यावर सांगितलं. म्हणजे तुझ्या मुलाच्या पत्रांतली सगळ्यात मायेची वाक्यं त्या पोस्टमनची होती. मी तेव्हा संस्कृतात पहिला येत होतो.

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात तुझ्या नातीनं मला भर समुद्रात, बोटीवर, एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. ते दुरुस्त करायचं तर आधी तुझ्याशी बोलावं लागेल, कारण ते खोटं तुझ्याबद्दल होतं. तुझं बोलणं मी इथे वऱ्हाडीत उतरवतो. आपल्या तांड्याच्या बोलीत लिहायला घेतलं की माझा हात अडखळतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं शिकून हेच राह्यलं का. हो, हेच राहिलं.

बोट म्हणजे पैनगंगेवरची डोंगी नव्हे. मुंबईहून निघते, गोव्याला थांबते, लक्षद्वीप दाखवते आणि परत आणून सोडते. चार रात्री. आत बारा मजले, नाटकघर, बाजार, पोहायचा हौद. आजूबाजूला सगळा समुद्र असताना लोक हौदात का पोहतात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरगी पुण्याला नोकरी करते, तिनेच हे सगळं ठरवलं आणि निघायच्या आधी मला बोटीवरच्या नियमांचं चार पानी पत्रक पाठवलं. मी ते पेन्सिल घेऊन वाचलं, जन्मभर जसे जुने सूत्रग्रंथ वाचले तसं. विधी कोणता, निषेध कोणता, अपवाद कुठे. सकाळी साधे कपडे चालतील. ओल्या अंगानं जेवणघरात येऊ नये. संध्याकाळच्या जेवणाला अर्धी चड्डी आणि रबरी चप्पल वर्ज्य. एका संध्याकाळी कोट, किंवा आपापल्या प्रांताचा पोशाख. हौदाकाठच्या खुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवून ठेवू नये. हे शेवटचं वाचून मला घाटंजीचा बसस्टँड आठवला. आपण आयुष्यभर खिडकीतून रुमाल टाकूनच बसलो. तू तर एकदा कोंबडी टाकली होतीस, आणि कंडक्टरनं ती जागा मानली होती.

तुझी सून मात्र त्या पत्रकाला जराही भ्यायली नाही. तिनं जवसाच्या चटणीचा डबा बॅगेत टाकला. मी म्हटलं, बाहेरचं खाणं चालतं का ते पत्रकात बघावं लागेल. तर म्हणाली, "काहून घाबरून राह्यले? चटनीले कोनी तिकीट मागत नाही." आणि खरंच कुणी मागितलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी भोंगा वाजला आणि सगळ्यांना डेकवर उभं करून नारिंगी जाकिटं कशी घालायची ते शिकवलं. दोन हजार माणसं एकाच रंगात. हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बायका आणि मी सारखेच दिसत होतो. तेव्हा मला वाटलं, बुडायच्या पोशाखाला प्रांत नसतो. वाटलं आणि लगेच तुझी आठवण आली, का ते तेव्हा उमगलं नाही. समुद्र बघून तुझी आठवण यायला नको होती. तू पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धरण, आणि तेही लांबून, कारण तुझ्या मते ते सरकारचं होतं.

बाकी बोटीवरचं जगणं चांगलंच शिस्तीचं. आपण जेवायला गेलो की मागे कुणीतरी येऊन खोली आवरून जातं आणि टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवतं. तुझ्या सुनेनं तो हत्ती चारही दिवस मोडू दिला नाही, आम्ही अंग माझ्या जुन्या पंच्यानं पुसलं. जेवणघरात टेबलं ठरलेली, ताटाभोवती काटे-चमचे इतके, की मी पहिल्या दिवशी शेजारचा काय उचलतो ते बघून उचललं. मग लक्षात आलं, तोही माझ्याकडेच बघत होता.

रोज संध्याकाळी दाराखालून दुसऱ्या दिवसाचा कागद सरकवला जातो. कुठे काय आहे, कुठे काय घालून यावं. तिसऱ्या दिवसाच्या कागदावर लिहिलं होतं की संध्याकाळच्या जेवणाला सगळ्यांनी भटक्या लोकांच्या वेशात यावं. आरशाचे घागरे, कवड्या, हातभर बांगड्या. खालच्या दुकानात भाड्यानं मिळतील.

मी तो कागद पेन्सिल न घेता वाचला.

याडी, आता तो दिवस. मला डॉक्टरेट मिळाली, यवतमाळच्या कॉलेजात नोकरी लागली आणि कॉलेजनं सत्कार ठरवला. माझं लग्न अजून व्हायचं होतं. निमंत्रणावर छापलं होतं, आई-वडिलांसह यावे. मी आठ दिवस आधी तांड्यावर आलो. तू चुलीपुढे बाटी थापत होतीस. तुला संस्कृताविषयी नेहमीच शंका. या बोलीत म्हशीला हाक कशी मारतात, हे तू मला विचारलं होतंस आणि मला अजूनही ते सांगता येत नाही. तरी सत्काराचं ऐकून तू हात धुऊन उठलीस आणि ट्रंकेतून चांगला, मोठ्या घेराचा फेटिया काढलास. लाल, निळ्या पट्टीचा, आरशांनी इतका भरलेला, की दारातून ऊन आलं आणि छतभर टिकल्या हलायला लागल्या. आणि मी म्हणालो, तिथे नियम आहे, बायकांनी साडीच नेसून यायचं. पिशवीतून पोपटी रंगाची साडी काढून तुझ्यापुढे ठेवली. ती मी येतानाच विकत घेतली होती. म्हणजे खोटं बोलायचं ते घरून ठरवूनच आलो होतो.

तू साडीला हात लावून एवढंच म्हणालीस, "लय हलकी हाय. उडून जाईन."

सत्काराच्या दिवशी प्राचार्यांची जीप घेऊन मी आलो. बापू धोतर, लाल पागोटं आणि हातात काठी घेऊन तयार. बापूच्या पोशाखासाठी मी कुठलाच नियम शोधला नव्हता, हे आज लिहिताना दिसतं. मग तू बाहेर आलीस. साडी नेसली होतीस, फेटियावरून. लग्नापासून अंगावर असलेला पोशाख परक्या गावी जाताना उतरवायचा हे तुझ्या मनातच आलं नव्हतं. मुलानं साडी घाल म्हटलं, तू घातलीस. वरून. पोपटी कापड चहूकडून फुगलं होतं, खालून लाल काठ दिसत होता, दंडापर्यंत हाडाच्या बांगड्या, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेली टुकरी. आणि तू हसत होतीस, शाळेत पहिल्या दिवशी गणवेश घातलेल्या पोरीसारखी. तू शाळेत कधी गेली नाहीस, म्हणून हे तुला कळायचं नाही, पण तसंच.

मी घड्याळाकडे बघितलं. म्हणालो, याडी, जीपमध्ये जागा एकाचीच आहे.

जीप मागून अख्खी रिकामी होती. तुला ती दिसत होती. तू आत बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "जाय. उशीर होईन." बापूच्या हातात डबा दिलास. सत्काराला पहिल्या रांगेत बापू बसला, त्यालाही हार घातला, त्याच्या पागोट्याचं अध्यक्षांनी भाषणात कौतुक केलं. डब्यात गुळाची लापशी होती. ती मी घरी येऊन खाल्ली, आणि चांगली झाली होती असं तुला कधी सांगितलं नाही, कारण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

तू एकदाच बोललीस, तेही दोन वर्षांनी, पोळ्याच्या सकाळी. मी बैलावर झूल टाकत होतो आणि ती एका अंगाला घसरत होती. तू ओट्यावरून बघत म्हणालीस, "झूल बैल दिसावा म्हनून टाकतेत, बेटा. झाकावा म्हनून नाही." मी झूल सरळ केली. वाटलं, झुलीबद्दलच बोलत असशील. असं वाटून घेण्याइतकं मी शिकलो होतो.

तर तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. मी कोट चढवला. वेश करायचा नाही असं ठरवलं होतं. तुझ्या सुनेनं वाद न घालता कोटाची कॉलर नीट केली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. शेजारच्या खोलीचं दार उघडलं आणि पोरगी बाहेर आली. तुझा चांगला फेटिया, वर तुझी बंदांची काचळी, डोक्यावर टुकरी, आणि हात मोकळे, कारण बांगड्या तुझ्याबरोबर गेल्या. त्या दोघींनी तांड्यावर जाऊन ट्रंक उघडली होती, मला न सांगता. बोटीच्या त्या अरुंद बोळात तिच्या अंगावरच्या आरशांवरून दिव्यांचा उजेड छतावर पडला आणि टिकल्या हलायला लागल्या. अगदी तशाच. मी भिंतीला धरून उभा राहिलो. तिला वाटलं, बोट हलली.

जेवणघराच्या दाराशी पोशाख बघायला उभा असलेला अधिकारी कमरेत वाकला. आत भाड्याचे घागरे होते, प्लास्टिकचे आरसे, पाठीवर दुकानाचे आकडे. एक बाई उठून आली, तुझ्या हातचा टाका बोटानं चाचपून बघितला आणि हिंदीत विचारलं, हा कोणत्या दुकानात मिळाला, खाली तर असा एकही नव्हता. पोरगी म्हणाली, "आजीचा आहे. तिनंच शिवलाय." ती बाई हात मागे घेऊन म्हणाली, "फिर तो यह असली है।" तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. तिनं पोरीसाठी स्वतः खुर्ची ओढली. तीस वर्षांपूर्वी यवतमाळच्या त्या हॉलमध्येही कुणीतरी ओढली असती. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय आहे, पण मी तेव्हा कुणाला विचारलंच नव्हतं.

सूप आलं. पोरगी मला म्हणाली, "बाबा, ट्रंकेत याच्या खाली एक साडी होती. पोपटी. घडी तशीच. तिच्या खालच्या काठाला आतून, बाहेर दिसणार नाहीत असे बारके आरसे आणि कवड्या शिवल्यात, पूर्ण काठभर. आजी साडी नेसायची का?"

काठभर म्हणजे साडेपाच मीटर, याडी. आठ दिवस होते तुझ्याकडे. कापूस वेचायचे दिवस होते ते, तू शेतातून येऊन उजेड असेपर्यंत दारात बसून शिवत असशील. कापड हलकं, उडू नये म्हणून खाली वजन. आणि मुलाच्या नियमात आरसे बसत नव्हते, म्हणून आतून. ती साडी तुझ्या अंगावर असताना मी काठाकडे बघितलं नाही. मी तुझ्याकडेच बघितलं नव्हतं.

पोरीला मी म्हणालो, "नाही. कुणीतरी आहेर केला असेल."

तिनं मान डोलावली. तुझी सून माझ्याकडे बघत होती. तिला मी कधी सांगितलेलं नाही, पण बायकांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी लक्षद्वीपच्या वाळूत कवड्या पडलेल्या दिसल्या. पोरगी वेचत होती. मी एकही उचलली नाही. नेऊन कुठे ठेवणार होतो.

आता ट्रंक माझ्याकडे यवतमाळला आहे. साडी मी काल उघडून बघितली. चौदा आरसे सुटलेत, बाकीचे घट्ट. हातात घेतली तर अजून जड लागते. हे पत्र संपवून मी तिच्या घडीत ठेवणार होतो. मग लक्षात आलं, तुला ते कुणीतरी वाचून दाखवायला लागेल. पोस्टमन गेला. तुझी सून म्हणते, मी नाही वाचणार, तुमचं तुम्ही बघा. उरली ती पोरगी. ती वाचेल आणि वाचून झाल्यावर वर बघून, तुझ्यासारखंच, "आणखी?" असं विचारेल.

पुढच्या शनिवारी ती घरी येते आहे. पत्र सध्या माझ्या कोटाच्या खिशात आहे, बोटीवरच्या. आहेर मी केला होता, एवढं एकच वाक्य तिला सांगायचं आहे. मला एवढ्या भाषा येतात, याडी, आणि मी ते अजून एकाही भाषेत मोठ्यानं म्हणून बघितलेलं नाही.