साइट पडली नाही

२ मार्च, सोमवार
आज नम्रता येऊन गेली. ही मुलगी मोबाइलवर खाण्यापिण्याचे व्हिडिओ टाकते आणि लाखो लोक ते बघतात. का बघतात, हा वेगळा विषय. माझ्या बायकोच्या, सुगराबीच्या हातच्या शेवयांचं तासभर शूटिंग झालं. हात, पाट, गच्चीवरच्या काठ्या, सगळं आलं. मीही बोललो, पण तेवढ्यात बॅटरी संपली म्हणाली. व्हिडिओ १७ तारखेला संध्याकाळी पाचला टाकणार. ईदच्या तोंडावर.
सुगराबीने विचारलं, एवढी माणसं एकदम आली तर आपली वेबसाइट टिकेल ना. म्हटलं, तू पिठाचं बघ. पतसंस्थेत अकरा वर्षं कॉम्प्युटर रूमची किल्ली माझ्याकडे होती.

३ मार्च
आलिमाचा फोन. शनिवारी येऊन साइट बघते म्हणाली. आयटीत आहे म्हणून बापाला शिकवणार. नको म्हटलं. शिवाय साइटच्या पासवर्डवर आमचा दोघांचा हात होता, तो सुरक्षेच्या दृष्टीने एकट्याचा केला. तिला कळवलं नाही, उगाच वाईट वाटायचं.
संकल्प: रोज पहाटे सहरीचं जेवण झालं की दोन तास साइटचा अभ्यास.

४ मार्च
सहरीनंतर डोळा लागला. उद्यापासून चार तास.

६ मार्च
सुगराबीने आज मनातलं सांगितलं. खालचा गाळा तिला हवाय. मालक ईदपर्यंत थांबायला तयार आहे, नंतर मोबाइल कव्हरवाल्याला देणार. ह्या शेवया अनोळखी लोकांकडे गेल्या, त्यांना आवडल्या, तर ती गाळा घेणार. हॉलमध्ये पाट मांडून पंचवीस वर्षं झाली, आता स्वतःचं दार हवं म्हणाली. एवढं ती एका दमात कधी बोलत नाही. मला रात्री जेवण गेलं नाही.
म्हणजे सगळं साइटवर आहे. म्हणजे माझ्यावर.

७ मार्च
प्रिंटर स्वयंपाकघरात बसवला. ऑर्डर आली की स्लिप आपोआप बाहेर. सुगराबीला नियम सांगितला: स्लिप आली की पॅक करायचं, कुरिअरला द्यायचं, मला काही विचारायचं नाही. सिस्टिमवर विश्वास ठेवायला शीक म्हटलं. बरं म्हणाली.
साइटवर मालाचा आकडा टाकला: दीडशे पुडे. जेवढा माल तेवढाच आकडा. आपल्याकडे फुगवाफुगवी नाही.

९ मार्च
रंगराव भेटला. पतसंस्थेतला जुना सहकारी, नारायण पेठेतून खास वारज्याला आला. त्याच्या ओळखीत कुणाचं पेपरात नाव आलं आणि त्याच दिवशी साइट पडली म्हणे. लोक बटण दाबत राहिले, पांढरा पडदा. चहा मी पीत नव्हतोच, रोजा होता. पण घसा जरा जास्तच कोरडा पडला.
साइट पडता कामा नये.

१० मार्च
उपाय सुचला. रंगीत तालीम! नाटकाची होते, तर साइटची का नाही? सगळे नातेवाईक, पतसंस्थेतले निवृत्त, एकूण तीसेक माणसं. गुरुवारी दुपारी चारला सगळ्यांनी एकदम साइट उघडायची आणि प्रत्येकी किमान पाच पुडे मागवायचे. साइटवर ताण आला पाहिजे. पैशाला कुणी बिचकू नये म्हणून खास कूपन केलं, बिल शून्य.
सुगराबीला सांगितलं नाही. ती घाबरते.

१२ मार्च, गुरुवार, दुपारी ४.४०
साइट पडली नाही! एकदाही नाही. डोळ्यांत पाणी आलं. तीस माणसं तुटून पडली होती. माझ्या बहिणीने, आपाने, माहेरची लाज राखत आठ मागवले. शेवटी शेवटी बटण दबेना अशी रंगरावची तक्रार. त्याचा फोन त्याच्याइतकाच जुना आहे.

१३ मार्च
सुगराबी फार खूश. स्वयंपाकघरात पुडे, खोकी, चिकटपट्टी. नणंदेचं चक्क कौतुक केलं. आपलं म्हणून सगळे पाठीशी उभे राहिले, असं काहीतरी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. कारण विचारलं नाही. रमजान आहे, माणसं बदलतात.

१४ मार्च
कुरिअरवाला आला. खोकी भरभरून जड. लिफ्ट बंद, त्यामुळे दोन मी स्वतः खाली नेऊन दिली. सुगराबीने पॅकिंगचीही तालीम लावलेली दिसते, आणि तीसुद्धा माल भरून. माझी शिस्त तिला लागली. कुठे चाललीत ते विचारणार होतो, पण मला विचारू नकोस हा नियम माझाच. मग मी कसा विचारू?

१६ मार्च
आलिमाचा फोन. तालमीतल्या ऑर्डरी रद्द केल्यात ना, असं विचारत होती. सगळं झालंय म्हटलं. हिला माझ्या तालमीतही खोट काढायची.
आजपासून साइटला हात लावायचा नाही. पूर्ण विश्रांती.

१७ मार्च, मंगळवार, संध्याकाळी ५.१०
व्हिडिओ आला. साइटवर चारशे माणसं.

५.३०
दोन हजार. साइट ठणठणीत. ऑर्डर अजून नाही. लोक विचार करताहेत. पुणेकर बघितल्या बघितल्या खिशात हात घालत नाही.

६.००
सहा हजार. ऑर्डर शून्य. पुणेकर एवढाही विचार करत नाही.

६.१०
आलिमा फोनवर रडकुंडीला आली. साइटवर जिकडे तिकडे ‘माल संपला’ असं येतंय, आणि तिचा पासवर्ड चालत नाही. तालमीतल्या ऑर्डरींनी आकडा शून्यावर आणलेला. एवढंच ना? मी घाबरलो नाही. आकडा पुन्हा दीडशे केला. माझाच पासवर्ड दोनदा चुकला, पण तो रोज्यामुळे.

६.४०
ऑर्डर! एकामागून एक. बेळगाव, नाशिक, लोणी काळभोर. प्रिंटर थांबायला तयार नाही. अजान झाली, खजूर तोंडात टाकून स्वयंपाकघरात धावलो. म्हटलं, बघ, गाळा आला.
सुगराबी स्लिपांची माळ हातात धरून उभी होती. शांतपणे म्हणाली, शेवया कुठून आणू? सगळ्या शनिवारी गेल्या. दोन खोकी तुम्हीच उतरवलीत.

१८ मार्च
दिवसभर ऑर्डरवाल्या प्रत्येकाला माफीचा मेसेज. नव्या वळायच्या, वाळवायच्या, तर ईद उलटून जाते. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय, फसवे लोक. सुगराबीने वाचलं आणि फोन पालथा ठेवला. आपाने आठ का मागवले ते तिला आता कळलं. त्याचंच तिला जास्त लागलं असावं.
संध्याकाळी ती एकटी खाली जाऊन गाळेवाल्याला नाही सांगून आली. फार वाईट वाटतंय.
तांत्रिक बाजू म्हणाल तर साइट पडली नाही.

१९ मार्च
पासवर्ड आलिमाकडे गेला. मी दिला असं लिहायला हरकत नाही.

२१ मार्च, ईद
घरात एक शेवई नाही. बाजारातल्या मशीनच्या आणायच्या नाहीत, हा सुगराबीचा हुकूम. पाहुण्यांना खजूर आणि सरबत दिलं. खाली गाळ्यात कव्हरवाला फळी ठोकत होता, आवाज वर येत होता.
दुपारी रंगराव आला, हातात स्टीलचा डबा. म्हणाला, शेवयांची भेट पाठवलीत, आमच्याकडे त्यांची खीर केली, म्हटलं तुमच्याकडे तोंड गोड करायला न्यावी. सुगराबीने वाट्या काढल्या. एक माझ्यापुढे ठेवली. ह्या घाण्यातली मी अजून चाखलीच नव्हती. काय शेवई, केसासारखी. मान वर करायची हिंमत झाली नाही.
रंगरावने माझी पाठ थोपटली. साइट एक नंबर, जराही अडकली नाही म्हणाला. पुढची तालीम कधी ते आधी कळवा, ह्या वेळी मेहुणीलाही घेतो.
सुगराबीने त्याला आणखी एक वाटी वाढली. मला विचारलं नाही.