बारा भोकांचा पुठ्ठा

तीर्थरूप वहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण खाली गेलो तर वर कोण काढणार, म्हणून आठांपैकी चारच अंगांचा धरावा.) तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. गुडघा कसा आहे, डोळ्यांचे थेंब डोळ्यांत घालता की नुसते खिडकीत मांडून ठेवता, दादा अजून जेवताना वर्तमानपत्र ताटाला टेकवून बसतात का, हे सवडीने कळवावं. इकडे सगळे खुशाल. तुमचा पुतण्या सकाळी आठला जातो आणि संध्याकाळी सातला, चेहरा कुठेतरी विसरून आल्यासारखा परत येतो. सूनबाई दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांना ‘थांबा’ म्हणते आणि घरी आली की उरलेलं आम्हाला. तुम्ही विचारलंत, निवृत्तीनंतर दिवस कसा काढता. वहिनी, मी दिवस काढत नाही, तोच मला काढतो. त्यात गेला महिनाभर मी शिकवणी केली. हसून झालं की पुढे वाचा.

त्याचं असं झालं. आमची नात, खारू (खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, पण पेन्सिलींचे तुकडे, खोडरबरांचे कोपरे, चॉकलेटचे कागद असं सगळं उशीखाली साठवते म्हणून खारू), तिसरीत गेली आणि बेरजेत अडकली. चाचणीत दहापैकी तीन. सूनबाईने वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वही, आणि म्हणाली की कोपऱ्यावरच्या क्लासला घालते, शाळेतून परस्पर तिकडे जाईल, साडेसहाला येईल. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुमची जाऊ गेल्यापासून आमच्या घरातली दुपार फार लांब झाली आहे. चारला ही पोर येते, दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि मग साडेपाचला तिची आई येईपर्यंत घरात काहीतरी चालू असतं. ते जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं की मी शिकवतो. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुम्ही?” त्यात अपमान नव्हता हो, नुसतं आश्चर्य होतं. चौथीतून शाळा सोडलेला माणूस मी, हे तिला ठाऊक आहे. पण पोरगी भली. म्हणाली, पुढच्या महिन्यात शुक्रवारी चाचणी आहे, दहापैकी निदान पाच मिळाले तर क्लास नाही. नाहीतर सोमवारपासून क्लास, आणि मग मध्ये बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला ३८ आणि ४७ मिळवायला दिले. तिने उत्तर लिहिलं ७१५. मी म्हटलं हे कसं, तर म्हणाली, आठ आणि सात पंधरा, तीन आणि चार सात, दोन्ही लिहिलंय, काही लपवलेलं नाही. (तेही खरंच.) मी सांगितलं, एककाच्या घरात एकालाच बसायची जागा असते, म्हणून पाच खाली बसतो आणि एक शेजारच्या डोक्यावर जातो, त्याला हातचा म्हणतात. तिने विचारलं, एकच का जातो, पाच का नाही जात, पाच मोठा आहे ना. वहिनी, बासष्ट वर्षं मी हातचा घेतोय, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तशी पद्धत आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं आपण वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे पाहतो. त्या दिवशीची शिकवणी तिथेच आटोपली. दोघेही दमलो होतो.

रात्रभर विचार करायची माझी प्रकृती नाही, मी झोपलो. पण सकाळी माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवली. बटणांच्या गोदामात एकेचाळीस वर्षं काढली, निघताना मालकांनी घड्याळ दिलं (ते बंद पडलं) आणि मी आपण होऊन जुन्या नमुन्यांची एक पेटी मागून घेतली होती. त्यात सुटी बटणं, ती लावायचे भोकांचे पुठ्ठे आणि पुठ्ठे ठेवायची खोकी. म्हटलं, पोरीला आकडे दिसत नाहीत, बटणं तरी दिसतील. स्वयंपाकघराच्या टेबलावर खडूने तीन घरं आखली, एकक, दशक, शतक. सुटी बटणं एककात. पुठ्ठा भरला की तो उचलून दशकाच्या घरात. पुठ्ठ्यांनी खोकं भरलं की ते शतकात. वहिनी, पोरीचा चेहरा उजळला. हात असे चालायला लागले की गोदामात असती तर मी तिला कायम केलं असतं. आठवडाभर आम्ही रोज दहा-दहा गणितं केली. मी पुठ्ठे मोजून तपासत होतो, ती लिहीत होती, आणि माझी बरोबरची खूण दिवसेंदिवस मोठी होत चालली होती.

मग शाळेतून गृहपाठ तपासून आला. दहापैकी दोन. म्हणजे मी शिकवायच्या आधी तीन होते.

आता तुम्ही एव्हाना ओळखलं असेल, तीस वर्षं शाळा चालवलीत तुम्ही. मला मात्र शाळेत जाऊन कळलं. वहीत बाईंचा शेरा होता, पालकांनी भेटावे. पालक कामावर, म्हणून मी गेलो. बाई वयाने लहान, चेहऱ्याने माझ्याहून थकलेल्या, चाळीस मुलांची वर्गशिक्षिका. बसायला मला तिसरीची खुर्ची दिली. त्या खुर्चीत माणूस बसत नाही, घडी होतो. गुडघे कानाशी लावून मी ऐकत होतो. बाईंनी वही उघडली. ३८ अधिक ४७ चं उत्तर होतं ८३. बाई म्हणाल्या, बाकीच्या मुलांच्या चुका वाऱ्यासारख्या कुठूनही येतात, हिची तशी नाही, ही प्रत्येक वेळी तीच चूक करते, आणि न चुकता करते. मग त्यांनी खारूला बोलावलं, विचारलं, पंधरातले किती वर पाठवलेस? खारूने निवांत सांगितलं, “बारा. पुठ्ठा बाराचा असतो ना, बाई.”

वहिनी, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, पण त्या खुर्चीतून मला जमिनीपर्यंतही जाता येत नव्हतं. एकेचाळीस वर्षं एका पुठ्ठ्यावर बारा बटणं लावली. दोन ओळी, सहा-सहा भोकं. बारा पुठ्ठ्यांचं एक खोकं. बाजारात माझी बेरीज कधी चुकत नाही, भाजीवालीला विचारा, पण बाजारात माझ्या हातात पुठ्ठा नसतो. हातात पुठ्ठा आला की बोटं बारापर्यंत गेल्याशिवाय थांबत नाहीत. आणि तपासणारा मी, पुठ्ठेही माझेच, त्यामुळे आजोबा आणि नात, दोघांचं उत्तर रोज जुळत होतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात म्हणतात, इथे चोराला स्वतःलाही ठाऊक नव्हत्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंनी पान उलटलं. २६ अधिक ३५ चं उत्तर ६०. त्याच्या पुढचं, ४३ अधिक २८, त्याचं ७०. बाई म्हणाल्या, ही अशी गोल गोल उत्तरं कुठून येतात? मी मान खाली घातली, कारण हे मला आठवत होतं. सहा आणि पाच अकरा. अकरा बटणांनी पुठ्ठा भरत नाही. खारूने मला विचारलं होतं, एक कमी पडतंय, काय करू? आणि मी, चहा ढवळत, सांगितलं होतं, की पुढच्या ढिगातलं एक उचल. गोदामात तेच करायचे. अर्धा पुठ्ठा ठेवला तर मुकादम डोळे वटारायचा. म्हणून तिने पुढच्या गणितातलं एक बटण आणून हे गणित भरलं, मग त्या गणिताला दोन कमी पडली ती तिसऱ्यातून आणली, असं करत करत सगळं पान एकमेकांच्या खिशात हात घालून उभं होतं. दहाव्या गणिताला पुढे कुणीच नव्हतं. तिथे तिने उत्तराच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘राहिलेली बटणं उद्या येतील.’

बाई हसल्या नाहीत. (हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.) म्हणाल्या, “आजोबा, तिची चूक असती तर मी काढली असती. ही चूक तुमची आहे, आणि ही मुलगी ती फार मन लावून शिकली आहे. तुम्हीच काढा.” चाचणीला अकरा दिवस होते.

घरी येऊन मी पुठ्ठे टेबलावर मांडले आणि कात्री घेतली. शेवटची दोन भोकं कापली की सहा-सहाच्या जागी पाच-पाच राहतात, दहा, एवढं मला शाळेतून येता येता रस्त्यातच सुचलं होतं. सुचणं सोपं असतं हो. पण ज्या मालाला एकेचाळीस वर्षं ओरखडा जाऊ दिला नाही, त्यावर कात्री चालेना. पहिला पुठ्ठा वाकडा कापला गेला. खारू समोर बसून बघत होती. म्हणाली, “आजोबा, द्या इकडे.” आणि खसाखस साठ पुठ्ठे कापून मोकळी. तिला त्या पुठ्ठ्यांशी काही देणंघेणं नव्हतं, नवीन पिढीचं हे एक बरं असतं. खोक्यात आता बाराऐवजी दहाच पुठ्ठे घालायचे, तर ते आत खुळखुळायला लागले, म्हणून उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे भरले. पुढच्या ढिगातून उचलायचं नाही, प्रत्येक गणिताने आपलं आपण बघायचं, कमी पडली तर सुटी राहू द्यायची, हेही बजावलं. ती म्हणाली, मग मुकादम? मी म्हटलं, मुकादम वारला. (दहा वर्षं झाली, खोटं नाही.)

मग पुन्हा ३८ आणि ४७. पंधरा सुटी बटणं. पुठ्ठ्याने दहा घेतली, पाच बाहेर राहिली. भरलेला पुठ्ठा उचलून तिने दशकाच्या घरात ठेवला, आधीच्या सात पुठ्ठ्यांशेजारी, आणि हात तसाच वर धरून थांबली. मग म्हणाली, “म्हणजे वर लिहितो तो एक म्हणजे एक बटण नाहीच, तो अख्खा पुठ्ठा आहे. मग तसं सांगायचं ना आधी.” वहिनी, मला तरी आधी कुठे कळलं होतं. पाच का जात नाही, एकच का जातो, याचं उत्तर मला बहात्तराव्या वर्षी, आठ वर्षांच्या मुलीकडून, टेबलावर खडू सांडलेला असताना मिळालं. मी उठून चहा टाकला.

त्यानंतरचे दिवस माणसाने काढू नयेत असे गेले. माझी बोटं बारावर, तिची दहावर, आणि मध्ये ती मला ओरडायची. तीन-तीन आकड्यांची गणितं आली, २७६ अधिक १५८, तर चौदा बटणांचा एक पुठ्ठा, मग तेरा पुठ्ठ्यांचं एक खोकं, असे एका गणितात दोन हातचे. टेबल पुरेना म्हणून शतकाचं घर जमिनीवर न्यावं लागलं, आणि ४३४ हे उत्तर येईपर्यंत मी तीनदा खाली बसलो, तीनदा उठलो. शेवटच्या चार दिवसांत तिने बटणं बाजूला सारली आणि नुसत्या वहीत करायला लागली. मी शेजारी बसून होतो, कामाशिवाय. मध्येच डोळा लागला तर ती कोपराने ढोसायची आणि वही पुढे करायची.

शुक्रवारी चाचणी झाली. दहापैकी नऊ. सूनबाईने वही दोनदा पाहिली, मग चक्क माझ्या पाया पडली, आणि म्हणाली, “बाबा, फार केलंत. आता सुटलात तुम्ही. बेरीज जमली म्हणजे तिला चारच्या पोहायच्या वर्गाला घालते, बिचारीला मोकळी हवा मिळेल, तुम्हाला विश्रांती.” तुमचा पुतण्याही म्हणाला, बाबा थकलेत. खरंच थकलो होतो. मी म्हटलं, उत्तम, पाठ धरलीच होती. तेव्हा वहिनी, सगळं यथासांग पार पडलं. सोमवारपासून ती साडेसहाला येते, केस ओले, डोळे लाल, ताटावर पेंगते. पाण्याला घाबरत नाही म्हणे. मी दुपारी झोपतो. पाच वाजेपर्यंतसुद्धा झोपतो. तब्येतीला चांगलं असतं. दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुम्ही स्वतःला जपावं, ही विनंती.

आपला आज्ञाधारक (फक्त पत्रात),
धाकटा

ता. क. थेंब घालत जा. खिडकीला दिसतं व्यवस्थित.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण पानभर मागेच लिहायचं होतं, राहून गेलं. तुम्ही मुख्याध्यापिका होतात, सूनबाई तुमचा शब्द खाली पडू देत नाही. तेव्हा तिला तुम्ही आपण होऊन (मी सांगितलं असं अजिबात न कळवता) दोन ओळी लिहाव्यात, की बेरीज जमली म्हणजे पाया झाला, पण वजाबाकी घरच्या माणसाकडून पक्की करून घ्यावी, ती दुपारी चारच्या सुमारास डोक्यात चांगली बसते, पोहणं काय, शनिवारीही होतं. शाळेत वापरायचात त्या आवाजात लिहा. मी वजाबाकी तोवर शिकून घेतो.

ता. क. ३. खारूने हे पत्र वाचलं. पाकीट चिकटवायला तिच्याकडे दिलं होतं, ती आधी वाचत बसली. म्हणते, मोठ्या आजीला सांगा वजाबाकी नको लिहू, ती आठ दिवसांत संपेल. भागाकार लिही. वर्गातल्या एकीच्या ताईचा दोन वर्षं चाललाय.