चोवीस कॉम्प्युटरांतून मामी

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतोय, म्हणून या खेपेला कागदावरच घातलाय.) तब्येत कशी आहे? मामी गेल्यापासून तुम्ही गोळ्या चुकवता आणि घराबाहेरही पडत नाही, असं आई म्हणते. ती तुमची धाकटी बहीण, तिला तुम्हाला बोलण्याचा हक्क आहे, मला नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

इकडे वाचनालयात सगळं ठीक. म्हणजे तसं ठीक नाही. पुढच्या सोमवारी संचालकसाहेब कॉम्प्युटर विभाग बघायला येणार, त्याआधी चोवीसही कॉम्प्युटर पुसून त्यांवर नवी लिनक्स प्रणाली हवी, असा हुकूम निघाला. (तुम्ही निवृत्त झाल्यापासून कोपऱ्यात झाकून ठेवलेला तुमचाही त्यात आला.) आपण हे कसं करायचो, आठवतं? सीड्यांची चळत घेऊन एकेका कॉम्प्युटरपुढे स्टूल ओढत जायचं, सीडी निम्म्यात अडकली की तुम्ही ती सदऱ्याला पुसून पुन्हा घालायचात. त्यांवर तुम्ही ‘शहाणी’, ‘बरी’, ‘हट्टी’ असं लिहून ठेवलं होतंत. (हट्टी अजून माझ्या खणात आहे. टाकवत नाही.) आठवडा जायचा, पण काय मजेत जायचा! आता एकच कॉम्प्युटर नीट लावायचा, त्याची हुबेहूब प्रत सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची, की बाकीचे नेटवर्कवरून ती आपापली ओढून घेतात. आपण नुसतं बघत बसायचं. मला तर करमतच नाही.

त्यात मी शहाणपणा केला. तुमचा कॉम्प्युटर इतका टापटीप लावलेला, मग नव्याने कोण राबणार? तो न पुसताच त्यावर नवं लिनक्स चढवलं आणि त्याचीच प्रत काढली. आधी खाजगी सामान काढायचं, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं मी साफ विसरलो. तासाभरात उरलेले तेवीसही तुमचे झाले! प्रत्येकावर तुमचं नाव, तुमच्या कुंडीतल्या कोरफडीचा फोटो.

आणि चारच्या ठोक्याला मामी बोलली. तुम्ही खुर्ची सोडत नाही म्हणून, एकदा डबा द्यायला आली असताना तिने रेकॉर्ड करून रोज चारला वाजेल असं लावून ठेवलेलं ते “अहो, उठा आता, पाठ धरेल!” चोवीस ठिकाणांहून, किंचित मागेपुढे. ग्रंथपालबाई उभ्याच राहिल्या. पेपर तोंडावर घेऊन झोपणारे पेन्शनर आजोबा ताडकन उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग मागच्या खोलीत जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू?

असो. मी नवी स्वच्छ प्रत करून फोल्डरमध्ये ठेवली आणि चोवीसही कॉम्प्युटर आता कोरे करकरीत आहेत. काही काळजी नाही. हे पत्र आपलं सहजच.

तुमचा भाचा

ता. क. चोवीस नाहीत, तेवीस. तुमचा राहिलाय. ग्रंथपालबाई रोज विचारतात, मी रोज वायरचं काहीतरी कारण सांगतो.

आणखी ता. क. मामीचा आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घेतलाय, हरवणार काही नाही, हे डोक्याला कळतं. तरी सोमवारच्या आत एकदा इथे या मामा. पुसायचा तर तुम्हीच पुसा. माझ्याच्याने ते बटण दाबवत नाही.