टोक्याची साक्ष

ता. ३ ऑक्टोबर १९४६

प्रिय आमोस,

वर्षभर तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय, म्हणून पत्र फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. तुझ्या आईला, लिडियामावशीला, मात्र वाचून दाखवू नकोस. बेलापुरात तुला काम लागल्याचं परवा बाजारात कळलं, बरं वाटलं.

नगरच्या लष्करी डेपोतल्या त्या फळ्या आठवतात ना? ब्रह्मदेशाहून आलेली खोकी फोडून आपण दोघांनीच त्या गाडीत घातल्या आणि गावच्या चावडीचं मोडकं आढं सावरलं. त्या फळ्यांतून ती पाल आली. घरच्या पालीच्या तिप्पट, निळसर, अंगभर तांबडे ठिपके. तिकडं हिला टोके म्हणतात, रोज दिवेलागणीला ओरडते आणि चावली की सोडत नाही, असं डेपोतल्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. साहेबाच्या घड्याळापेक्षा ही बरी, असं म्हणून तू किती हसला होतास. ती कशी नि कधी ओरडते हे गावात आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना एवढंच ठाऊक, की बोलताना पाल चुकचुकली की बोलणं खरं. आणि ही तर सगळी चावडी दणाणून सोडायची.

गेल्या वर्षीच्या श्रावणात आमचा बैल ढवळ्या पोट फुगून मेला, तेव्हा तू डेपोत कामावर होतास. माझ्या बापाचं डोकं फिरलं. मेलेलं जनावर ओढायचं काम येशूच्या मंडळीत जाऊनही गावानं तुझ्या बाबांच्या गळ्यात ठेवलंच होतं. कातड्यासाठी योसेफानं इख घातलं, असं बाप चावडीत ओरडला आणि आढ्यावरून पाल सात वेळा बोलली. दिवेलागण झाली होती, दुसरं काय. पण माणसं उठली. पहिली काठी सूर्यभाननं घातली. हात मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळली तुराटी मोडावी तसा. योसेफबाबा म्हणत होते, म्या न्हाई रं लेकरांनो, परभूला ठावं हाय, म्या न्हाई. तोंडातून दात नि रक्त गळत होतं तरी म्हणत होते. मग कुणीतरी बैलाचं जू उचलून डोक्यात घातलं. कागदावर लागलं, बैलानं तुडवून मयत. तुला तेच सांगितलं, आणि सांगताना मी तुझ्या शेजारी बसून होतो.

ते पडू नयेत म्हणून मागून कुणीतरी त्यांचे दंड धरले होते. ते दंड मी धरले होते, आमोस. मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून देणाऱ्या माणसाचे. बाप बघत होता, गाव बघत होतं, म्हणून धरले. असल्या भित्र्याच्या जिनगानीला आग लागो.

तेव्हापासून पालीचा तोरा वाढला. शेजारच्या दोन गावांनी टोपलीत घालून एकेक जोडी नेली, आपल्याही चावडीत न्याय व्हावा म्हणून. आमच्याकडं घरोघरच्या वाशांना तिची अंडी चिकटलेली. चावडीतली मी हातानं धरून मारली. अंगठ्याला चावली ती सुटेना, मग तिच्यासकट अंगठा दगडावर आपटला, नख गेलं. चार दिवसांनी दुसरी तिथंच ओरडायला लागली. आणि मागच्या आठवड्यात पलीकडच्या गावात दगडाबाई नावाच्या विधवेला करणीच्या आळावर झोडपलं, तिचा एक डोळा गेला. साक्ष कुणाची, तर पालीची.

ते ऐकलं आणि माझ्यानं राहवेना. सोमवारी सकाळी चावडीत उभा राहून सगळं ओकलो. ढवळ्याला कुणी इख घातलं नव्हतं. बांधावर मला डुलकी लागली, तो सुटून गुडघाभर कोवळ्या ज्वारीत शिरला आणि तीच त्याला बाधली. मला त्याच दिवशी कळलं होतं. बापाच्या भीतीनं मी गप्प बसलो आणि ते गप्प बसणं योसेफबाबांच्या जिवावर बेतलं. हे सगळं बोललो, तर माणसं आढ्याकडं बघत बसली. सकाळची वेळ, पाल झोपलेली. ती बोलली नाही, म्हणून मी खोटा ठरलो. बापानं सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली आणि पोराला भुतानं झपाटलंय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा जाऊन तेच बोललो असतो तर पालीनं माझीही साक्ष दिली असती. मग त्याच काठ्या माझ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात बसल्या असत्या. एकदा मनात आलंही होतं. पण तसलं खरं मला नको. म्हणून हे पत्र. मला जे दिसलं ते वर लिहिलंय, मी काय केलं तेही लिहिलंय, खाली माझी सही आहे आणि नख नसलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. हे घेऊन नगरला फौजदाराकडं जा. मला न्यायला येतील तेव्हा मी घरीच असेन, कुठं पळणार नाही. ह्या कागदाला पालीची साक्ष नाही, माझी आहे.

तुझाच म्हणवून घ्यायचं तोंड नाही, तरी तुझाच,
रंगनाथ