लोकर, पोलादी पट्टी आणि तुझा डावा बूट

आई, तुझ्या डाव्या पायाची बोटं गेली तेव्हा मी सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. निरोप घेऊन बाबा आटपाडीहून थेट माझ्या हॉस्टेलवर आले. त्यांची नोकरी तेव्हा तिकडे होती आणि आपल्या साताऱ्याहून फोन आधी त्यांनाच गेला होता. “उसाच्या ट्रॉलीचं चाक पायावरून गेलंय. बाकी ती ठीक आहे,” एवढंच ते म्हणाले. साताऱ्यापर्यंत आम्ही दोघं एकच गोष्ट मनात घोळवत होतो आणि दोघांनीही ती तोंडातून काढली नाही. तू मुलींच्या शाळेतली पी.टी.ची बाई. गळ्यात शिट्टी, पांढरी सलवार-कमीज, ओढणी छातीवरून आडवी बांधलेली, आणि मुलींच्या पुढे मैदानाला फेऱ्या मारणारी. दवाखान्यात पोचलो तर तू उशीला टेकून बसली होतीस. पायाला केवढं तरी मोठं बँडेज. मला बघून तू आधी काय विचारावंस? “परीक्षा कधी आहे तुझी?” मी तारीख सांगितली. “मग इथे काय करतेस?” तू म्हणालीस. बाबा खिडकीकडे वळले.

त्या जूनपासून शाळेने तुला ग्रंथालय दिलं. मोठ्या बाईंनी ते प्रेमानेच केलं होतं, हे तूही मान्य करायचीस. “बसून करता येईल असं काम,” त्या म्हणाल्या होत्या. त्यातल्या ‘बसून’ ह्या शब्दाने तुझं जेवण कमी झालं. ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडे होती. मैदान आता गणिताच्या एका सरांकडे होतं आणि ते बिचारे कडुलिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून मुलींना “खेळा” म्हणायचे. मी सुट्टीत घरी आले की बघायचे, शाळेतून आल्यावर तू काठी कोपऱ्यात ठेवायचीस ती जरा आपटून.

मग श्रावणातल्या एका रविवारी ती तीन माणसं आपल्या दारात आली. मी दार उघडलं आणि हसू आवरेना. सगळ्यात पुढे एक रिटायर्ड हवालदार. त्यांनी लष्करातले जुने बूट घोट्याखाली कापून घेतले होते आणि पावसासाठी खताच्या प्लास्टिकच्या पोत्याला डोक्याला-हाताला भोकं पाडून ते अंगात घातलं होतं. त्यांच्या मागे औद्योगिक वसाहतीतला एक फिटर. चष्मा पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी डोक्यामागून ताणलेली आणि कमरेच्या पट्ट्याला सायकलची घंटी. घाटातल्या वळणावर म्हशी आडव्या आल्या की ती वाजवायची असते, असं त्याने मला फार गंभीरपणे समजावलं. तिसरे औषधाच्या दुकानाचे मालक. पाठीला सलाइनची रिकामी बाटली उलटी बांधलेली, त्यात साखर-मिठाचं पाणी, आणि तिची नळी खांद्यावरून तोंडापर्यंत आणलेली. “पोरं विचारतात, काका दवाखान्यातनं पळून आलाय का,” ते स्वतःच म्हणाले. ही मंडळी रोज सकाळी यवतेश्वरच्या घाटात पळत. त्यांच्यासारखी आणखी पाच-सहाजणं होती. चांगले बूट इथे मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापलं सामान आपापल्या डोक्याने तयार केलं होतं.

“बाई,” हवालदार उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, “आमी नुसतं पळतोय. बरोबर पळतोय का चूक, सांगणारं कोण न्हाई. तुमी येऊन नुसतं बघा.”

तू काठीकडे बघितलंस. त्यांनीही बघितलं, पण त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटतं, तू गेलीस ती त्यामुळेच. दुसऱ्या दिवसापासून औषधवाले तुला स्कूटरवरून घाटाच्या पायथ्याला नेऊ लागले आणि तू रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर बसून त्यांना फैलावर घेऊ लागलीस. हवालदारांचे खांदे कानापर्यंत चढतात, फिटर टाच आपटतो, औषधवाले श्वास रोखून धरतात. मी एकदा बरोबर आले होते. पन्नाशीचा माणूस तुझ्यापुढे शाळकरी मुलीसारखा हात मागे घेऊन उभा राहतो आणि “व्हय बाई” म्हणतो, हे मी डोळ्यांनी बघितलं. तुझा आवाज परत आला होता. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा तो आवाज.

त्या दिवशीच फिटरने विचारलं, “बाई, तुमी का पळत न्हाई?” हवालदारांनी त्याला कोपराने ढोसलं. तू मात्र रागावली नाहीस. तू चप्पल काढलीस, पाय सगळ्यांसमोर कठड्यावर ठेवलास आणि शिकवायला लागलीस. माणूस शेवटी अंगठ्याने जमीन मागे ढकलतो. तुझ्याकडे ढकलायला काही नाही. बूट घातला तर पुढची जागा रिकामी राहते, बूट तिथे मोडतो आणि पाय आत घसरतो. “पुढे भरायला काहीतरी मऊ हवं आणि खालून परत उसळणारं काहीतरी कडक,” तू म्हणालीस. तो ऐकत राहिला. चष्म्यामागचे त्याचे डोळे बारीक झाले होते.

दिवाळीची सुट्टी मला फराळापेक्षा रबराच्या वासाने आठवते. आपल्या स्वयंपाकघरात ओट्यावर बुटांचा एक जोड, हवाई चपलांचे कापलेले तळवे, खोक्यांना बांधतात ती पोलादी पट्टी, कानस, पक्कड. फिटर स्टूलवर बसून पट्टीचा तुकडा तुझ्या तळव्याच्या आकारात घासतोय, तू चकल्या तळतेस आणि मधेच झारा खाली ठेवून पाय पुढे करतेस. पहिल्या बुटात त्याने पुढे रबराचे तुकडे भरले होते. तू अंगणात चार फेऱ्या मारल्यास आणि परत आलीस तेव्हा मोजा लाल झाला होता. पट्टीची कड वर आली होती. फिटर डोक्याला हात लावून खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तू बँडेज गुंडाळता गुंडाळता म्हणालीस, “रडायचं असेल तर अंगणात जाऊन रडा. इथे काम चाललंय.” तो उठला, नाक पुसलं आणि कानस हातात घेतली. मी तुला म्हटलं, “आई, चार दिवस थांब.” तू म्हणालीस, “थांबलेच होते की वर्षभर. काय झालं त्याने?”

बाबा शनिवारी आले, त्यांनी ओट्यावर नजर फिरवली आणि म्हणाले, “हे घर आहे का गॅरेज?” तेवढं बोलून ते अंघोळीला गेले. आम्हाला वाटलं, चिडले. पुढच्या शनिवारी मात्र त्यांच्या पिशवीतून कागदात बांधलेला एक मऊ गोळा निघाला. आटपाडीकडच्या मेंढपाळांकडून त्यांनी लोकर आणली होती, स्वतः धुऊन, उन्हात वाळवून, काटेकुटे वेचून. “ही भरून बघ पुढे,” ते तुझ्याकडे न बघता म्हणाले. “रबर टोचतं. ही टोचणार नाही.” खरंच टोचली नाही. पट्टीला चामड्यात शिवून घेतलं, वर लोकर भरली, आणि तू पुन्हा अंगणात उतरलीस. ह्या वेळी तू फाटकातून बाहेर रस्त्यावर गेलीस. कोपऱ्यापर्यंत गेलीस. मग वळणावर तू दिसेनाशी झालीस आणि बाबा, फिटर आणि मी, आम्ही तिघं फाटकात उभे राहिलो. परत आलीस तेव्हा घामाघूम झाली होतीस. “उजवा बूट आता जड वाटतो,” तू तक्रारीच्या सुरात म्हणालीस, आणि बाबा मोठ्याने हसले.

थंडीत सांगलीला शर्यत होती. नदीकाठावरून सुरू व्हायची, बाजारातून गावाबाहेर जाऊन परत नदीवर यायची. साताऱ्याची मंडळी टेम्पोतून आली. मी हॉस्टेलमधून चालत आले तर गर्दी तुमच्याभोवतीच जमलेली. पोत्याची खोळ, सलाइनची बाटली, घंटी. कुणीतरी म्हणालं, “सर्कस आली गड्या.” हवालदारांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. नावं लिहून घेणारे गृहस्थ तुझ्या पायाकडे बघून अडखळले. “बाई, तुम्हाला काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी,” तू म्हणालीस. “पाय माझाच आहे.”

त्यांनी नंबर दिला. मी बाजाराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. हळदीचा वास, हमाल पोती उतरवायचं थांबवून बघतायत, आणि सगळी तरणी पोरं वाऱ्यासारखी निघून गेल्यावर मागून घंटीचा आवाज येतो. पुढे फिटर, बाजूला हवालदार, मधे तू. माझ्यासमोर येता येता तुझं पाऊल वाकडं पडलं. नाडी तुटून बूट सैल झाला होता. तू एका हातगाडीच्या कडेला टेकलीस. मी धावत आले तर तू हातानेच मला लांब थांबवलंस. फिटरने डोक्यामागची ट्यूबची पट्टी काढली, तुझ्या बुटाभोवती आवळून बांधली आणि चष्मा मुठीत धरला. “तुमाला दिसंल का?” हवालदारांनी विचारलं. “बाईंच्या मागनं पळतो की,” तो म्हणाला. “बाई दिसत्यात तेवढ्या.” तू उठलीस. एक हमाल म्हणाला, “जावा मावशी, जावा,” आणि बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. सर्कशीला वाजवतात तशा त्या टाळ्या नव्हत्या. मला फरक कळत होता.

मी जवळच्या गल्लीतून आधीच नदीवर जाऊन थांबले होते. तू पोचलीस तेव्हा बक्षिसं वाटून होत आली होती. पण तुझ्यामागे अजून माणसं होती, दोन पायांची दहा बोटं शाबूत असलेली. तू रेषा ओलांडलीस, थांबली नाहीस, चालत चालत श्वास उतरवलास, जसं मुलींना शिकवायचीस तसं.

सोमवारी तू तोच बूट घालून मोठ्या बाईंच्या खोलीत गेलीस आणि मैदान परत मागितलंस. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. तू म्हणालीस, “विचार करा. तोवर मी मुलींना घेऊन बाहेर आहे.” गणिताच्या सरांनी खुर्ची आपणहून उचलून आत नेली. रिटायर होईपर्यंत मैदान तुझंच राहिलं, आणि तुझ्या मुलींच्या बुटांत, पट्ट्यांत, मोज्यांत आपल्या ओट्यावरच्या किती युक्त्या शिरल्या, त्या मुलींनाच माहीत.

मी आता सांगलीतच असते. पहाटे नदीकडे पळणाऱ्यांची रीघ असते. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तोंडाला नळी, हे आता दुकानात मिळतं. परवा मुलीसाठी बूट घ्यायला गेले तर विकणारा मुलगा बूट वाकवून दाखवत होता. “मॅडम, ह्याच्यात आत प्लेट असते. तीच पुढे ढकलते. एकदम नवीन आहे.” मी म्हटलं, “हो का?” आणि मुलीकडे बघितलं. तिला तुझी गोष्ट पाठ आहे. दुकानातून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “आजीच्या पट्टीला चामडं होतं ना गं?” होतं, मी म्हटलं. आणि लोकर.

हा कागद कुठे जायचा नाही, हे मला ठाऊक आहे. लिहून झाल्यावर तो मी पलंगाखालच्या ट्रंकेत टाकेन. पण एवढं सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी नदीवर तू जवळ आलीस तेव्हा मी नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि “पी” म्हटलं. तू प्यायलीस, “हॉस्टेलवर अभ्यास राहिला असेल” म्हणालीस आणि टेम्पोत चढलीस. तुला माहीत नाही, त्याच्या आधी तू लांबून येताना दिसलीस तेव्हा माझ्या शेजारी एक केळीवाला उभा होता. त्याने मला काहीही विचारलं नव्हतं. मी त्याची बाही धरून म्हटलं, “ती माझी आई आहे.” तो म्हणाला, “असं का?” मी पुन्हा म्हटलं. मग त्याच्या पलीकडच्या माणसालाही सांगितलं.