तयार कॉम्प्युटर कोणीही आणतो

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलंय, नोंद असलेली बरी.

हिला काम मिळालं. लग्नाआधी ही नकाशे काढायची, घरांचे. मग मुलं झाली, माझ्या बदल्या झाल्या आणि ते राहूनच गेलं. गेलं वर्षभर क्लासला जाऊन तेच आता कॉम्प्युटरवर शिकली. आज एका आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. एका शाळेचे नकाशे महिनाअखेरीस करून द्या, जमले तर पुढे कायमचं काम. फोन ठेवल्यावर ही बराच वेळ तिथेच उभी होती. मग म्हणाली, क्लासमधला कॉम्प्युटर आता मिळणार नाही, घरात एक चांगला हवा. भावाला सांगते, उद्या तयार घेऊन येईल.

मी म्हणालो, तयार कॉम्प्युटर कोणीही आणतो. मी घरी जोडतो.

हिच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद असावा.

३ फेब्रुवारी
हिच्या धाकट्या भावाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. फोनवर म्हणाला, भावोजी, निदान सुटे भाग तरी मला विचारून घ्या. मी बरं म्हणालो. बरं म्हणजे हो नव्हे.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चार व्हिडिओ पाहिले. एक पोरगा गप्पा मारत मारत अख्खा कॉम्प्युटर जोडतो. मी गप्पा मारणार नाही, म्हणजे माझा लवकर होईल. अनुभव आहेच. मिक्सर मीच दुरुस्त केलाय. आता तो फक्त दोन नंबरवर चालतो, पण एक आणि तीन लागतात कुणाला?

५ फेब्रुवारी
खरेदी. आधी कॅबिनेट घेतलं, म्हणजे बाहेरचा डबा. एक बाजू काचेची, आत रंग बदलणारे दिवे. दुकानदार म्हणाला, आधी आतलं ठरवा, मग डबा घ्या. घर बांधताना कोणी आधी भांडी घेतं का? आधी भिंती! दुकानदाराला व्यवहार कळत नाही.

प्रोसेसर एका दुकानातून घेतला, सेल होता. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी, दुसऱ्या दुकानातून घासाघीस करून. ग्राफिक्स कार्ड मात्र दणदणीत. नकाशांसाठी लागतं म्हणे. पॉवर सप्लाय साधा. तो आत राहतो, कोणाला दिसणार?

८ फेब्रुवारी
प्रोसेसर मदरबोर्डवर बसेना. फिरवून पाहिला. पुसून पाहिला. थोडा दाबून पाहिला, फार नाही. मेहुण्याला सहज म्हणून फोन केला. तो म्हणाला, भावोजी, दाबू नका. एक या कंपनीचा, दुसरा त्या कंपनीसाठी केलेला. त्या दोघांचं पटायचं नाही.

मी म्हणालो, पटत नाही म्हणून काय झालं? आमचं तरी कुठे पटतं, झालाच ना संसार?

ही शेजारीच उभी होती. तडक स्वयंपाकघरात गेली. बहुधा कुकर लागला होता.

९ फेब्रुवारी
मदरबोर्ड बदलून आणला. दुकानदाराला वाटलं मी चुकलो. मी त्याची परीक्षा पाहत होतो. पास झाला.

हिनं विचारलं, कधी होईल? मी म्हणालो, झालाच. ती कॅलेंडरपाशी उभी राहून काहीतरी मोजत होती.

११ फेब्रुवारी, रविवार
जोडणी. सकाळी नऊला जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. सगळ्यांनी जमिनीवर बसून जेवायचं असं जाहीर केलं. सगळे म्हणजे ही, मुलं बाहेरगावी असतात.

माहितीपुस्तक बाजूला ठेवलं. पुस्तक वाचून पोहता येत नाही.

प्रोसेसर बसला. त्याच्यावर गार ठेवणारा पंखा बसवायचा असतो. त्याच्या बुडाला पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं होतं, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. चष्मा आतल्या खोलीत होता. तसंही आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायची पद्धत नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं अजून आहे. आकडे दिसत नाहीत, पण रिमोट कसा नवाकोरा आहे! पंखा प्लॅस्टिकसकट बसवला.

मदरबोर्डच्या खोक्यात भोकं पाडलेली पत्र्याची पट्टी निघाली. पॅकिंग असणार. वाया कशाला घालवायची? बेसिनवर साबणाखाली ठेवली. पाणी छान निथळतं.

ग्राफिक्स कार्ड डब्यापेक्षा बोटभर लांब निघालं. आतली एक पट्टी कापली. आता बसतं, फक्त काचेचं दार लागत नाही. हवा खेळती राहील.

शेवटी पाच स्क्रू उरले. कंपन्या उगाच जास्त देतात.

संध्याकाळी सहा. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. शेजारचे काका, काकू मुद्दाम पाहायला आले होते. काका म्हणाले, लाइट आहे ना? ही मागे वाकून बघत म्हणाली, इथे एक काळं बटण आहे, ते बंदच आहे वाटतं. मी म्हणालो, ते मी सुरक्षिततेसाठी बंद ठेवलंय. मग सर्वांसमक्ष सुरक्षितता संपवली.

दिवे लागले! काय ते रंग! काकूंनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर अजून काही येत नाही, पण ते किरकोळ आहे.

१३ फेब्रुवारी
पडदा काळाच. मेहुणा फोनवर म्हणाला, रॅमची पट्टी नीट बसली नसेल, टक असा आवाज येईपर्यंत दाबा. आठ तारखेला हाच मनुष्य दाबू नका म्हणत होता. यांचं एक काही ठरलेलं नसतं.

दाबली. टक. पडदा उजळला. म्हणजे जोडणी माझी बरोबरच होती, फक्त आवाज बाकी होता.

१५ फेब्रुवारी
ही सकाळीच कामाला बसली. मी रजा टाकून मागे उभा. दहा मिनिटांनी कॉम्प्युटर आपोआप बंद झाला. परत लावला, परत बंद. हिनं काढलेलं अर्धं गेलं. शिवाय चालू असतो तेव्हाही नकाशा सरकवला की थांबून थांबून पुढे जातो, म्हणाली.

मी शांतपणे समजावलं, तू एकदम अख्खी शाळा काढतेस, त्याला झेपत नाही. आधी एक वर्ग काढ. मग सवय होईल.

हिनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी आई असंच काहीतरी बोलली होती, तेव्हा पाहिलं होतं तसं.

१७ फेब्रुवारी
उपाय:
१. टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून. (बंद झाला.)
२. खिडकीत ठेवला. (बंद झाला. वर एक कबूतर आलं.)
३. दिव्यांचा रंग निळा केला. निळा थंड असतो. (बंद झाला.)

दोष विजेचा आहे. वीज कंपनीला खरमरीत तक्रार केली. त्यांच्या बाई म्हणाल्या, तुमच्या भागात काही बिघाड नाही. लपवतायत.

१९ फेब्रुवारी
हिनं कपाटावरून जुना लाकडी ड्रॉइंग बोर्ड काढला. धूळ झटकली. आधी सगळं कागदावर काढते, मापं टाकते आणि मग कॉम्प्युटर चालू असेल तेवढ्या दहा मिनिटांत भराभर उतरवते. तो बंद पडला की पुन्हा कागद. स्वयंपाक मी केला, म्हणजे बाहेरून आणला.

म्हणालो, बघ, माझ्यामुळे तुझी जुनी हौस परत आली. ती मान खाली घालून जिना काढत होती. कागदावर एक थेंब पडला, तो तिनं पदरानं टिपला. डोळ्यांना ताण पडत असणार. आर्किटेक्ट बाईंनी मुदत जरा वाढवायला हवी. मी त्यांच्याशी बोलू का, असं विचारलं. नको, असं एकदम जोरात म्हणाली.

२१ फेब्रुवारी
ही भावाकडे गेली. बदल हवा म्हणाली. बदलाला जाताना मापांच्या वह्या कोण नेतं?

जेवण बेचव. घर मोठं वाटतं.

२२ फेब्रुवारी
मेहुणा हिचा ड्रॉइंग बोर्ड न्यायला आला. ही त्याच्या दुकानात मागच्या टेबलापाशी, तिथल्या कॉम्प्युटरवर काम करते आहे, असं कळलं. मी चहा करेपर्यंत त्यानं माझा कॉम्प्युटर उघडला. पंखा काढला, उलटा केला आणि प्लॅस्टिक नखानं सोलून माझ्यासमोर धरलं. अर्धवट वितळलेलं. त्यानं उष्णता अडायची म्हणून तो बंद पडायचा, म्हणे. मी चष्मा लावला. त्यावर लिहिलं होतं, बसवण्याआधी काढा.

मग पडद्याची वायर पाहिली. ती म्हणे मी मदरबोर्डला जोडली होती, जोडायची होती ग्राफिक्स कार्डला. म्हणजे इतके दिवस ते दणदणीत कार्ड आत नुसतं पाहुण्यासारखं बसून होतं.

हात धुवायला गेला तो साबणाखालची पट्टी घेऊनच बाहेर आला. भावोजी, ही डब्याला मागे बसवायची असते, म्हणाला. हसला नाही. हसला असता तर भांडता आलं असतं. सगळं जोडून दिलं, पाच स्क्रूही लावले आणि बोर्ड काखेत मारून गेला. चहा दोन्ही कप मीच प्यायलो.

२३ फेब्रुवारी
कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. हिला फोन करून सांगितलं, दुरुस्त केला. कोणी केला हे तिनं विचारलं नाही, मीही विषय वाढवला नाही. घरी ये म्हणालो. म्हणाली, आता इथेच बसले आहे, पूर्ण करूनच येते. मागे मेहुण्याची बायको मोठ्यानं हसत होती. ही पण हसत होती.

२८ फेब्रुवारी
नकाशे वेळेत दिले. रात्री घरी आली आणि न जेवता झोपली. मी पांघरूण घातलं.

२ मार्च
बाईंनी हिला कायमचं काम दिलं! घरून करा नाहीतर ऑफिसात बसा, तुमची इच्छा, असं म्हणाल्या. मी तोवर कॉम्प्युटर पुसून, दिवे सोनेरी करून, हिच्या खुर्चीवर उशी ठेवून तयार होतो.

ही म्हणाली, ऑफिसात बसेन.

घरी एवढा सोन्यासारखा कॉम्प्युटर असताना? म्हणाली, तिथे मागे कोणी उभं राहत नाही.

ठीक आहे. बायकांनी बाहेर पडलं पाहिजे, असं माझं पहिल्यापासून मत आहे.

६ मार्च
हिचा ऑफिसातला पहिला दिवस. मी लवकर घरी आलो. सात वाजता आली. दमलेली, पण वेगळीच दिसत होती. पाणी दिलं आणि विचारलं, तिथला कॉम्प्युटर कसला आहे? प्रोसेसर कोणता, कार्ड कोणतं? तासभर चर्चेची माझी तयारी होती.

म्हणाली, पाहिलं नाही हो. चालतो.

मग शाळेचं बोलायला लागली. खिडक्या उत्तरेकडे का घेतल्या, लहान मुलांसाठी जिन्याच्या पायऱ्या कशा बुटक्या केल्या, बाई त्यावर काय म्हणाल्या. हात हलवून हलवून सांगत होती. जिना हाच, जो ती इथे कागदावर काढत होती. तेव्हा मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाईट वाटलं. वाटलं ते लिहून ठेवतो.

ती जेवून झोपली. मी कॉम्प्युटर लावून बसलो. दिवे लागले, पडदा लागला, सगळं एका झटक्यात. बराच वेळ बसलो. यावर मला करण्यासारखं काहीच काम नाही.

तो आता आपोआप बंद होत नाही. शेवटी मलाच बंद करावा लागला.